कुशक नाल्याकाठी कॅमेरा

लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. तिच्या आसपास सरोजिनी नगर, नौरोजी नगर, किदवई नगर अशा तिच्याच पिढीच्या वसाहती आहेत, एका अंगाला सफदरजंगचा जुना विमानतळ आणि दुसऱ्या अंगाला अरबिंदो मार्गावरचा आयएनए बाजार. या सगळ्यांमधून कुशक नाला वाहतो. काही ठिकाणी तो उघडा दिसतो, काही ठिकाणी स्लॅबखाली जातो, आणि पुढे बारापुला नाल्याला मिळून यमुनेत पडतो. दिल्लीच्या नकाशावर त्याला कालव्यासारखे सरळ काठ आणि काँक्रीटच्या भिंती आहेत, पण मुळात तो कुणी खोदलेला नाही. अरवलीच्या कण्यावरून, म्हणजे ज्याला दिल्लीकर ‘रिज’ म्हणतात त्या खडकाळ उंचवट्यावरून, पूर्वेकडे उतरणाऱ्या पावसाळी ओढ्यांपैकी तो एक. १९७६ च्या दिल्लीच्या जलनिस्सारण आराखड्यात असे २०१ नैसर्गिक प्रवाह नोंदवलेले होते.

या काठाचा बदलत गेलेला चेहरा छायाचित्रांतून शोधू गेल्यास एक अडचण लगेच येते. नाल्याचे छायाचित्र म्हणून काढलेली चित्रे फार उशिरा सुरू होतात. त्याआधीच्या चित्रांत तो असतो तो कोपऱ्यात, पार्श्वभूमीला किंवा चुकून. कॅमेरा कबरीसाठी, विमानासाठी, नव्या इमारतीसाठी किंवा मुलाच्या वाढदिवसासाठी उघडलेला असतो आणि त्याच्या कडेला ओढ्याची एक रेघ येऊन जाते. म्हणून या भागाचा दृश्य इतिहास लिहिताना चित्राच्या मध्यापेक्षा त्याच्या कडा जास्त बोलतात.

कॅमेरा येण्यापूर्वीची स्थिती थोडक्यात. ओढ्याला नाव मिळाले ते कुशक महालावरून. फिरोजशहा तुघलकाच्या काळातला (१३५१ ते १३८८) हा शिकारखाना आज तीन मूर्ती भवनाच्या परिसरात उभा आहे. रिजवरच्या या शिकारखान्यांच्या जोडीला पाणी अडवणारे बंधारे असत, कारण पाणी साठले की जनावर येते आणि जनावर आले की शिकार होते. खालच्या अंगाला, जिथे हे सगळे ओढे एकत्र होतात तिथे, जहांगीरच्या काळात मिहरबानू आगा या जनानखान्याच्या अधिकाऱ्याने दगडी पूल बांधला. अकरा कमानी आणि बारा खांबांचा हा पूल म्हणजेच बारापुला. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. १७३७ च्या वसंतात पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकला, त्या मोहिमेची हकिकत त्याने चिमाजी अप्पांना कळवली. त्या पत्रात बारापुला, कालिकेचे देऊळ आणि कुशबंदी ही नावे येतात. कालकाजीपासून तालकटोऱ्यापर्यंतचा तो सगळा टापू तेव्हा झुडपे, शेते, पडझड झालेल्या इमारती आणि ओढ्यांचे पात्र असा होता. वसाहतीला ज्यांचे नाव दिले त्या झाशीच्या राणीचा मात्र या जागेशी प्रत्यक्ष संबंध नाही. वाराणसीत जन्मलेल्या मणिकर्णिका तांबे झाशीत राणी झाल्या आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढताना पडल्या. स्वतंत्र भारताने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतींना राष्ट्रीय चळवळीतली नावे दिली, त्यातले हे एक.

योगायोग असा की राणी पडल्या त्याच वर्षी दिल्लीत कॅमेरा मोठ्या प्रमाणावर फिरू लागला. १८५७ चा उठाव मोडल्यावर फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये दिल्लीत होता. पुढे १८६० च्या दशकात सॅम्युअल बोर्न आला. ओल्या कोलोडियनच्या काचेच्या प्लेटा, अंधाऱ्या खोलीचा तंबू आणि रसायनांच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्या या मंडळींचे लक्ष वास्तूंवर होते. १७५४ च्या सुमारास पुरी झालेली सफदरजंगची कबर त्यांच्या पिढीच्या संग्रहांत हमखास सापडते. लक्ष्मीबाई नगर आज जिथे आहे ती जागा या कबरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे छायाचित्रकार इथवर आले होते, पण त्यांनी पाठ ओढ्याकडे केली. प्लेट भिजवल्यापासून काही मिनिटांत चित्र घ्यावे लागे आणि प्रत्येक प्लेट महाग होती. झुडपांनी भरलेल्या कोरड्या ओढ्यावर ती कोण खर्च करणार? शिवाय विलायतेतल्या ग्राहकाला हव्या होत्या त्या घुमट, मिनार आणि लढाईच्या खुणा.

पाण्याचा प्रवाह मुद्दाम टिपण्याचे काम त्याच काळात दुसऱ्या एका शहरात चालले होते, आणि तुलनेसाठी ते उपयोगी आहे. पॅरिसमध्ये बिएव्र नावाची एक छोटी नदी होती. चामडे कमावणाऱ्यांनी आणि रंगाऱ्यांनी ती इतकी घाण केली होती की तिला बंदिस्त करण्याखेरीज नगरपालिकेला दुसरा उपाय सुचेना. शहराचा कायापालट चालू असताना शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराने नगरपालिकेसाठी जुन्या गल्ल्यांबरोबर ही नदीही टिपली. नंतर यूजीन आत्जेनेही तिच्या काठची घरे आणि कारखाने काढले. १९१२ पर्यंत पॅरिसमधली बिएव्र जमिनीखाली गेली, पण ती कशी दिसत होती हे आज कुणालाही पाहता येते. दिल्लीत ओढे झाकले गेले तेव्हा नगरपालिकेने असा छायाचित्रकार नेमला नव्हता. इथला फरक पैशाचा नाही, कारण दिल्लीत सरकारी कॅमेऱ्यांना तोटा नव्हता. फरक नजरेचा आहे.

सरकारी कॅमेऱ्यांची ही रेलचेल १९११ नंतरची. त्या वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. रायसीना टेकडी फोडताना, खांब उभे करताना, बागा आखताना चित्रे काढली गेली. कुशक ओढ्याचा वरचा भाग या नव्या शहराच्या आखणीत आला, त्याला वळणे दिली गेली, बंगल्यांच्या मागून काढून देण्यात आले. खालचा भाग, म्हणजे आजच्या लक्ष्मीबाई नगरजवळचा, शहराच्या बाहेर राहिला. पण तिथे सफदरजंगच्या कबरीशेजारी एक विमानतळ झाला आणि त्याला व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डनचे नाव मिळाले.

विमानतळामुळे या टापूकडे प्रथमच वरून पाहिले गेले. विमानातून घेतलेल्या चित्रांत जमिनीवर न जाणवणारी गोष्ट दिसते, ती म्हणजे पाण्याची वाट. जमिनीवरून जो खड्डा वाटतो तो वरून एक अखंड वळणदार रेघ होतो, आणि तिच्या दोन्ही बाजूंना झाडांचा दाट पट्टा येतो, कारण या कोरड्या मुलखात झाड तिथेच तग धरते. धावपट्टी सरळ आणि ओढा वाकडा, म्हणून दोन्ही शेजारी असलेल्या चित्रात नजर चटकन ठरते. हवाई छायाचित्रे मात्र लोकांच्या हाती येत नसत. भारतात अशा चित्रांवर संरक्षण खात्याची मंजुरी लागे आणि सर्वेक्षण खात्याच्या कपाटाबाहेर ती क्वचित पडत.

१९४७ नंतर या शेताडीचे शहर व्हायला फार वेळ लागला नाही. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजारांच्या घरात होती, ती १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार झाली. फाळणीतून आलेल्या निर्वासितांसाठी लाजपत नगरसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या आणि वाढत्या सरकारी नोकरवर्गासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने क्वार्टर बांधायला घेतले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात हे बांधकाम खाते पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते आणि १९५० ते १९५६ या काळात तिजोरीच्या किल्ल्या चिंतामणराव देशमुखांच्या हाती होत्या. म्हणजे दिल्लीच्या या सरकारी वसाहती ज्या वर्षांत आकाराला आल्या, त्या वर्षांत बांधकाम आणि पैसा या दोन्ही ठिकाणी मराठी माणूस बसलेला होता. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हे सहसा निघत नाही.

सफदरजंग विमानतळाच्या दक्षिणेकडच्या क्वार्टरांचा सगळा समूह सुरुवातीला विनयनगर म्हणून ओळखला जाई. पुढे त्याचे तुकडे पडून सरोजिनी नगर, लक्ष्मीबाई नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर अशी नावे रूढ झाली. जुने नाव सरोजिनी नगरातल्या विनयनगर बंगाली शाळेने अजून जपले आहे. रचना सगळीकडे सारखीच होती. बुटकी, एक-दोन मजली घरे, मध्ये चौकोनी हिरवळ, मागे सेवेची गल्ली, एखादा छोटा बाजार, शाळा आणि दवाखाना. हुद्द्याप्रमाणे घराचा ‘टाइप’ ठरे. विटांच्या भिंतींवर दर काही वर्षांनी पिवळसर रंगाचा हात फिरे. जागा मुबलक होती, म्हणून कडुनिंब, जांभूळ, पिंपळ आणि पिलखन ही झाडे घरांपेक्षा उंच झाली. नाला वसाहतीच्या मागच्या अंगाला राहिला. आखणीच्या कागदावर तो ‘पावसाचे पाणी वाहून नेणारी सोय’ होता आणि घरांनी त्याच्याकडे पाठ केली.

या वसाहतींची सरकारी चित्रे आहेत, पण त्यांत माणसे आणि समारंभ जास्त. पत्र सूचना कार्यालयाच्या छायाचित्रकारांनी आणि १९५९ मध्ये स्वतंत्र झालेल्या फोटो विभागाने पायाभरण्या, पाहणीदौरे आणि परदेशी पाहुण्यांच्या भेटी टिपल्या. होमाई व्यारावाला १९४२ पासून दिल्लीत होत्या आणि त्यांच्या कॅमेऱ्याने राजधानीचे सार्वजनिक जीवन नोंदले, पण त्यांचा विषय सत्तेच्या आसपासची माणसे हा होता. इमारतींकडे इमारत म्हणून पाहणारा कॅमेरा मदन महत्ता यांचा. कॅनॉट प्लेसमधल्या ‘महत्ता’ स्टुडिओचे हे छायाचित्रकार १९५० च्या दशकात इंग्लंडमधून शिकून परतले आणि हबीब रहमान, जोसेफ स्टाइन, राज रेवाल यांच्यासारख्या वास्तुशिल्पींच्या नव्या इमारती त्यांनी कृष्णधवल चित्रांत बांधून ठेवल्या. त्या चित्रांत दिल्ली स्वच्छ, रिकामी आणि भविष्याकडे पाहणारी दिसते. मात्र त्यांच्या नजरेत भरली ती नाव असलेल्या वास्तुशिल्पींची कामे. विनयनगरच्या साध्या क्वार्टरांना असा छायाचित्रकार मिळाला नाही.

ती उणीव घरच्या कॅमेऱ्यांनी भरून काढली, पण अर्धीच. १९६० च्या दशकापासून मध्यमवर्गीय घरांत आग्फाचा ‘क्लिक थ्री’ दिसू लागला. बडोद्याला बनणाऱ्या या चौकोनी डब्यात १२० चा रोल बसे आणि एका रोलवर बारा चित्रे निघत. बारा चित्रे म्हणजे बारा प्रसंग: बारसे, मुंज, बहिणीची पाठवणी, नवी स्कूटर, गावाहून आलेली आजी. हिरवळीवर ऊन पाठीशी घेऊन माणसांना उभे करायचे आणि दाबायचे, ही त्या कॅमेऱ्याची रीत होती, कारण त्याला दुपारचा स्वच्छ उजेडच मानवत असे. मागे क्वार्टरची भिंत, तारेवरचे कपडे, जाळीचा दरवाजा आणि कधी कधी काठावरच्या झाडांची ओळ येई. १९८० च्या दशकात रंगीत छपाईच्या लॅब आणि ‘हॉट शॉट’सारखे स्वस्त कॅमेरे आले, १९९० च्या दशकात कोडॅकचा ‘केबी-१०’ आला. चित्रांची संख्या वाढली, विषय फारसा बदलला नाही. वास मारणाऱ्या नाल्यासमोर आजीला कोणी उभे करत नाही.

या घरगुती चित्रांबाबत सरकारी वसाहतीची एक खास गोष्ट लक्षात घ्यावी लागते. क्वार्टर वारसाने मिळत नाही. बदली झाली किंवा निवृत्ती आली की घर सोडावे लागते, आणि अल्बम ट्रंकेत बसून नागपूरला, सांगलीला, कोट्टायमला किंवा पाटण्याला जातो. पुण्यातल्या सदाशिव पेठेची किंवा मुंबईतल्या गिरगावची जुनी चित्रे निदान त्या गल्लीतल्या कुणाच्या तरी माळ्यावर असतात. लक्ष्मीबाई नगरची चित्रे लक्ष्मीबाई नगरात नसतात. ज्यांनी तिथे बालपण घालवले ते सगळे दुसरीकडे आहेत, आणि जे आज राहतात त्यांच्यासाठीही ती तात्पुरती जागा आहे. इतक्या जणांनी इतकी वर्षे राहून ज्याची एकत्र दृश्यस्मृती तयार होत नाही अशी ही वस्ती आहे, आणि तिच्या इतिहासकाराचे निम्मे काम भारतभर पसरलेले अल्बम शोधण्याचे आहे.

एका अनपेक्षित ठिकाणी मात्र संपूर्ण नाला एका नजरेत सापडतो. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेर उपग्रहांनी फिल्मवर पृथ्वीची चित्रे घेतली. भरलेली फिल्म कुपीतून खाली सोडली जाई आणि विमानाने ती हवेतच पकडली जाई. १९९५ मध्ये ही चित्रे खुली झाली. यातल्या नंतरच्या कॅमेऱ्यांची दृष्टी दोन मीटरच्या आसपास तीक्ष्ण होती, त्यामुळे स्वतंत्र इमारती, रस्ते आणि झाडांचे पट्टे ओळखता येतात. संशोधक आधी सफदरजंगची धावपट्टी शोधतात, मग कबरीची चौकोनी बाग, मग अरबिंदो मार्ग. या तीन खुणा सापडल्या की नाल्याची रेघ पकडायला वेळ लागत नाही. शीतयुद्धातल्या हेरांनी दिल्लीच्या ओढ्यांची सर्वांत चांगली जुनी नोंद ठेवावी, हा विनोद त्यांना अभिप्रेत नव्हता. पुढचे टप्पे सर्वांना परिचित आहेत: १९८८ पासून भारताचे आयआरएस उपग्रह, १९९९ मध्ये एक मीटर दृष्टीचा ‘इकोनॉस’, २००५ मध्ये गुगल अर्थ आणि २००९ पासून त्यातली जुनी चित्रे मागे जाऊन पाहण्याची सोय. गेल्या वीसेक वर्षांत हा काठ वर्षागणिक कसा बदलला ते आता घरबसल्या सरकवून पाहता येते.

या बदलातली सर्वांत ठळक घटना १९९४ ची. त्या वर्षी मार्चमध्ये लक्ष्मीबाई नगरच्या शेजारी, आयएनए बाजारासमोर, ‘दिल्ली हाट’ सुरू झाले. नाला झाकून मिळवलेल्या सुमारे ६ एकर जागेवर वास्तुशिल्पी प्रदीप सचदेव यांनी हा बाजार आखला. विटांचे चौथरे, गवताची छपरे, उघडी दुकाने आणि राज्याराज्यांची खाण्याची ठिकाणे. कारागिरांना दुकाने कायमची दिली जात नाहीत. ती साधारण पंधरा दिवसांच्या पाळीने मिळतात, म्हणून पैठणी विणणारा आज असेल तर पुढच्या पंधरवड्यात तिथे मधुबनीची चित्रे दिसतात. नगररचनेच्या दृष्टीने ही कल्पना हुशार होती, कारण नाल्यावर जड इमारत बांधता येत नाही, हलका बाजार मांडता येतो. छायाचित्रणाच्या दृष्टीने इथे उलटापालट झाली. ज्या जागेकडे कोणी कॅमेरा वळवत नव्हते ती जागा दिल्लीतल्या सर्वाधिक छायाचित्रे निघणाऱ्या जागांपैकी एक झाली, आणि त्या एकाही चित्रात नाला नाही. महाराष्ट्राच्या गाळ्यावर वडापाव खाणाऱ्याला आपण ओढ्याच्या पात्रावर बसलो आहोत हे कळण्याचे काही कारण उरलेले नाही.

झाकण्याची ही रीत दिल्लीत मग पसरली. खालच्या अंगाला सेवानगरजवळ नाल्यावर स्लॅब टाकून बसगाड्यांचा डेपो झाला आणि ऑक्टोबर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तयारीत जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या परिसरातला प्रवाह आणखी आक्रसला. त्याच स्पर्धांसाठी बारापुल्याच्या नाल्यावरून उन्नत रस्ता काढला गेला. जुलै २०१८ मध्ये त्याचा पुढचा टप्पा आयएनएपर्यंत येऊन पोहोचला, म्हणजे नाल्याचे पात्र आता काही अंतर रस्त्याच्या खांबांनी भरले आहे. सतराव्या शतकातला बारा खांबांचा पूल या रस्त्याच्या नावात उरला, प्रत्यक्षात तो झोपड्या, दुकाने आणि केबलींच्या गुंत्यात हरवून गेला. भुयारी कामेही याच काळातली. आयएनए स्थानकावर पिवळी मेट्रो मार्गिका ३ सप्टेंबर २०१० रोजी आली आणि ६ ऑगस्ट २०१८ रोजी गुलाबी मार्गिका तिला येऊन मिळाली. या गुलाबी मार्गिकेवरच्या एका स्थानकाला चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांचे नाव आहे.

पुण्याच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. पेशवाईत आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीचे तळे झाले, पुढे तिथे सारसबाग झाली आणि ओढा शहराच्या विस्मरणात गेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घरांत शिरला तेव्हा वृत्तपत्रांत त्याची जितकी छायाचित्रे आली तितकी आधीच्या शंभर वर्षांत आली नसतील. नाले आणि ओढे बातमीत येतात ते असेच, आणि त्यांचे दृश्य दस्तऐवजही त्या बातम्यांच्या तारखांभोवती गोळा होतात.

दिल्लीत नाल्याला चित्राच्या मध्यभागी आणणारी आणखी एक शक्ती होती, ती म्हणजे तक्रार. गाळ, प्लास्टिक, फेस, काठावर टाकलेला बांधकामाचा राडारोडा यांची चित्रे नागरिक काढू लागले, आणि डिजिटल कॅमेऱ्याने तारीख आपोआप नोंदवल्यामुळे ती पुरावा म्हणून चालू लागली. यमुनेसाठी झटणाऱ्या मनोज मिश्र यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने १३ जानेवारी २०१५ रोजी दिलेल्या निकालानंतर यमुनेबरोबर तिला मिळणाऱ्या नाल्यांचीही चर्चा न्यायालयीन भाषेत होऊ लागली. पावसाळ्यापूर्वी गाळ काढला की नाही याचा वाद दरवर्षी होतो आणि ‘आधी’ व ‘नंतर’च्या चित्रजोड्या दोन्ही बाजू मांडतात. सौंदर्याच्या दृष्टीने ही चित्रे सामान्य आहेत, क्षितिज तिरपे, उजेड वाईट. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती मोलाची आहेत, कारण दीडशे वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी पाण्याची पातळी, भिंतीची उंची आणि काठावरचे झाड नीट दिसेल अशा बेताने कॅमेरा धरला. तक्रारदाराची नजर सर्वेक्षकाच्या नजरेच्या जवळ जाते.

जमिनीवरच्या दृश्याचा मोठा फेरबदल २०१० च्या दशकात झाला. अरबिंदो मार्गापलीकडच्या पूर्व किदवई नगरात ८६ एकरांवरचे जुने क्वार्टर पाडून राष्ट्रीय इमारत बांधकाम महामंडळाने, म्हणजे ‘एनबीसीसी’ने, साडेचार हजारांहून अधिक सदनिकांचे मनोरे उभे केले. दर्याखान लोहानीची कबर त्या मनोऱ्यांच्या मध्ये राहिली. ५ जुलै २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली: सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी काही जमिनीवर व्यापारी इमारती, असा तो हिशेब होता. नौरोजी नगरात आता काचेच्या कार्यालयांचे ‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’ आहे. सात नावांच्या या यादीत लक्ष्मीबाई नगर नव्हते. त्यामुळे विनयनगरच्या मूळ आखणीचे बुटके रूप इथे शेजाऱ्यांपेक्षा जास्त काळ पाहायला मिळाले, आणि दोन मजली भिंतीमागे क्रेन व मनोरा अशी चौकट छायाचित्रकारांना आयतीच सापडली.

जून २०१८ मध्ये या पुनर्विकासाविरुद्ध सरोजिनी नगरात लोक रस्त्यावर आले, ते घरांसाठी नव्हे तर झाडांसाठी. सात वसाहतींत मिळून सोळा हजारांहून अधिक झाडे जाणार असल्याचे समोर आले होते. चिपकोच्या आठवणीने लोकांनी खोडांना मिठ्या मारल्या, मेणबत्त्या लावल्या, आणि मोबाइल कॅमेऱ्यांनी ते सगळे टिपले. २५ जूनला दिल्ली उच्च न्यायालयात एनबीसीसीने ४ जुलैपर्यंत वृक्षतोड थांबवण्याची हमी दिली आणि वाद पुढे चालत राहिला. या भागाच्या दृश्य इतिहासात हे आठवडे वेगळे आहेत. क्वार्टर, हिरवळी, सेवागल्ल्या आणि झाडे यांची इतकी पद्धतशीर चित्रे आधी कधी निघाली नव्हती. पाडापाडीची बातमी येईपर्यंत जी जागा छायाचित्राला अपात्र ठरली होती तिच्या प्रत्येक खोडावर आकडा घातला गेला आणि त्या आकड्यासह तिचे चित्र निघाले.

सरकारी क्वार्टर मुळातच कंटाळवाणे असतात असे मात्र नाही. थोडे पुढे, इंग्रजी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत बांधलेल्या लोधी कॉलनीत, २०१५ पासून ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने कमानींच्या शेजारच्या कोऱ्या भिंतींवर प्रचंड भित्तिचित्रे काढवून घेतली. आज लग्नाआधीची छायाचित्रे काढायला जोडपी तिथे रांगा लावतात. एकाच खात्याने बांधलेल्या दोन वसाहतींपैकी एकीला रंग मिळाला आणि ती प्रेक्षणीय झाली. दुसरी आपल्या पिवळ्या भिंतींसह तशीच राहिली. लोधी कॉलनीच्या त्या लाखो चित्रांत क्वार्टरचे आयुष्य कितपत दिसते, हा प्रश्न वेगळा. भित्तिचित्र पाहणारा खिडकीतल्या माणसाकडे पाहत नाही.

कुशक नाल्याचा काठ आज पद्धतशीरपणे टिपायचा तर पुनर्छायाचित्रण हीच सरळ पद्धत आहे. जुने चित्र घ्यायचे, कॅमेऱ्याची मूळ जागा शोधायची, ऋतू आणि तास जुळवायचा आणि तीच चौकट पुन्हा घ्यायची. हिमनद्यांच्या अभ्यासात ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. अमेरिकेत मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ मध्ये पश्चिमेकडच्या जुन्या सर्वेक्षण चित्रांवर तिचा मोठा प्रयोग केला. लक्ष्मीबाई नगरात अडचण अशी की मूळ चित्रेच विखुरलेली आहेत, त्यामुळे काम दोन्ही टोकांनी करावे लागते. कुटुंबांच्या अल्बमांतून पार्श्वभूमी वेचायची आणि त्याच वेळी आजच्या ठरावीक बिंदूंवरून नवी मालिका सुरू करायची. दिल्ली हाटच्या मागची बाजू, उन्नत रस्त्याचा आयएनएकडचा उतार, वसाहतीच्या बाजूचे छोटे पूल, हे असे बिंदू आहेत. ड्रोनची वाट जवळजवळ बंद आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दिल्लीचा हा भाग प्रतिबंधित क्षेत्रात मोडतो, आणि शेजारी विमानतळ आहे. शंभरेक वर्षांपूर्वी ज्या ठिकाणाहून हवाई चित्रे निघू लागली तिथूनच आज खासगी कॅमेरा हवेत चढवता येत नाही, हेही या जागेचे एक वैशिष्ट्य.

ऋतूची निवड महत्त्वाची, कारण हा प्रवाह वर्षभर एकसारखा नसतो. सफदरजंग वेधशाळेची वार्षिक सरासरी सुमारे ७७४ मिलिमीटर आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. एरवी नाल्यात वाहते ते मुख्यतः सांडपाणी. हिवाळ्यात धुके आणि धूर यांमुळे पन्नास पावलांवरचे झाड पुसट होते, पण पानगळीमुळे भिंती आणि पात्र उघडे पडते. मे महिन्यात उजेड इतका कडक असतो की सावलीत काहीच दिसत नाही. पावसाच्या दिवसांत पात्राची खरी रुंदी कळते. २८ जून २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सफदरजंगला २२८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जून महिन्यातला असा पाऊस १९३६ नंतर झाला नव्हता. त्या दिवशीच्या मोबाइल चित्रांत रस्ते, भुयारी मार्ग आणि बाजार पाण्याखाली आहेत, आणि पाणी कोणत्या वाटेने गेले हे एकापुढे एक चित्रे लावली तर समजते. ती वाट बरीचशी कोरोनाच्या जुन्या फिल्मवरच्या रेघेशी जुळते.

त्यानंतर नाल्याच्या खालच्या भागात अतिक्रमणे हटवण्याला वेग आला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जून २०२५ रोजी जंगपुऱ्यात बारापुला नाल्याकाठची ‘मद्रासी कॅम्प’ ही तमिळ कुटुंबांची वस्ती पाडली गेली. सुमारे ३७० झोपड्यांपैकी पात्र ठरलेल्या कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नरेल्यात घरे देण्याचे ठरले. त्या वस्तीची छायाचित्रे वृत्तसंस्थांनी भरपूर काढली, बहुतेक सगळी बुलडोझर आल्यानंतरची. त्यापूर्वीच्या कित्येक वर्षांची चित्रे रहिवाशांच्या फोनमध्ये आणि भिंतीवरच्या चौकटींत होती, आणि त्यातली बरीचशी सामानाबरोबर नरेल्याला गेली. सरकारी क्वार्टरमधून निघालेल्या अल्बमांसारखीच.